बूस्ट केलं की लाईक येतात, ऑर्डर काय येत नाही

तासगावात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. फ्लेक्सला आलेला माणूस डिझाईन फायनल झालं की उठता उठता विचारतोच, "भाऊ, फेसबुकचं पेज काढलंय. बूस्टला पैसेपण घातले. लाईक भरपूर, पण गिऱ्हाईक काय येईना. पेजमध्येच काही बिघाड आहे का बघा की." बूस्ट म्हणजे फेसबुकला पैसे देऊन आपली पोस्ट जास्त लोकांपुढं नेणं. दिवाळीच्या आधी महिनाभर हा प्रश्न रोज येतो. मार्च-एप्रिलमध्ये नवा बेदाणा शेडवरून उतरला की पुन्हा रोज. मधल्या काळात केकवाल्या, साडीवाल्या, मसालेवाल्या वहिनी असतातच.

बहुतेक वेळा बिघाड असतो, पण जिथं माणूस बोट दाखवतो तिथं नसतो. ठिबक असलेल्या बागेत शेवटच्या ओळीतल्या वेलीला पाणी येईना झालं तर आपण लगेच मोठी मोटार घेत नाही. शेवटच्या ड्रिपरपासून उलटं मागं येतो. ड्रिपरमध्ये क्षार साठलेत का, नळी उंदरानं कुरतडलीय का, बूच निघालंय का, फिल्टर तुंबलाय का, हे बघून मग मोटारीकडं जातो. पेजच्या बाबतीत मात्र सगळे पहिल्यांदा मोटारच बदलतात. ऑर्डर नाही, तर आणखी दोन हजारांचं बूस्ट. तेही पाणी त्याच फुटक्या नळीतून रानात.

म्हणून मी तपासणी उलटीकडून करतो, आणि तुम्हीही तशीच करा. आधी फोन, मग बूस्ट, मग पोस्ट, मग पेज कुणाच्या नावावर आहे ते.

गिऱ्हाईक होऊन बघा

दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल घ्या. जो तुमच्या पेजला फॉलो करत नाही आणि ज्याच्याकडं तुमचा नंबर सेव्ह नाही, असा. त्यावरून तुमचं पेज शोधा आणि एक किलो माल मागवायचा प्रयत्न करा. घरच्या वायफायवर नको, बाहेर रस्त्यावर उभं राहून करा.

मागच्या दिवाळीत एका बेदाणेवाल्या दादांबरोबर मी हेच केलं. त्यांनी तीन हजार रुपये बूस्टला घातले होते आणि एकही ऑर्डर नव्हती. माझ्या कामगाराच्या फोनवरून पेज उघडलं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबलं, "एक किलोचा भाव काय?" असं लिहून पाठवलं. टिक एकच. दहा मिनिटं झाली तरी एकच. बटणाला जोडलेला नंबर त्यांच्या मुलाच्या जुन्या सिमचा होता. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तिथं नवं सिम घेतलं, जुनं ड्रॉवरमध्ये. पेज काढून देताना त्यानंच स्वतःचा नंबर घातलेला. महिनाभर लोक त्या ड्रॉवरला मेसेज करत होते.

सगळ्यांचं इतकं सोपं नसतं, पण पहिल्या तपासणीत हटकून सापडणाऱ्या गोष्टी अशा.

बटण मेसेंजरला जोडलेलं असतं आणि मालक मेसेंजर कधी उघडतच नाही. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज सरळ समोर न येता 'रिक्वेस्ट्स'मध्ये पडून राहतो. पेजच्या इनबॉक्समध्ये 'स्पॅम' नावाचा एक कोपरा असतो, तिथं खरी चौकशी सापडली की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. यावर उपाय म्हणजे फेसबुकच्या मेटा या कंपनीचं मेटा बिझनेस सूट हे अ‍ॅप. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडचे मेसेज आणि कमेंट त्यात एकाच ठिकाणी दिसतात. ते टाकून घ्या आणि त्याच्या सूचना चालू ठेवा.

दुसरी गोष्ट भावाची. पोस्टखाली आठ जणांनी "भाव?" म्हणून विचारलेलं आणि आठही ठिकाणी उत्तर एकच, "डीएम करा", म्हणजे खासगी मेसेज टाका. यामागचं कारण मला माहीत आहे. भाव उघड केला की शेजारचा दुकानदार पाच रुपयांनी उतरतो, ही भीती. पण शेजारच्याला तुमचा भाव तसाही माहीत असतो, बेदाण्याचे सौदे काय गुपचूप होत नाहीत. माहीत नसतो तो ठाण्याच्या गिऱ्हाइकाला. तो आठ जणांना मिळालेलं "डीएम करा" वाचतो आणि पुढं सरकतो. भाव लिहा. नुसता किलोचा नव्हे, घरपोच किती पडेल तो लिहा. कुरिअरचा खर्च शेवटी कळला की जवळपास ठरलेली ऑर्डर मोडते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता डिझाईनमध्येच 'कुरिअरसह' हा शब्द मी मोठा घेतो.

तिसरी गोष्ट वेळेची. माणूस रात्री जेवण झाल्यावर साडेनऊ-दहाला मोबाईल चाळत असतो, तेव्हा विचारतो. तुम्ही उत्तर देता दुसऱ्या दिवशी दुपारी, शेडवरून आल्यावर. तोवर त्यानं दुसरीकडून मागवलेलं असतं किंवा विसरलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप २०१८ पासून फुकट मिळतं आणि त्यात याची सगळी सोय आहे. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज, दुकान बंद असतानाचा वेगळा मेसेज, आणि तिरकी रेघ टाइप केली की पुढं येणारी तयार उत्तरं. स्वागताच्या मेसेजमध्ये "आपले सहर्ष स्वागत आहे, लवकरच संपर्क करू" असलं लिहू नका. त्यातून गिऱ्हाइकाच्या हाताला काय लागत नाही. प्रकार, भाव, कमीत कमी किती घ्यावं लागेल, किती दिवसांत पोचेल आणि "पिनकोड पाठवा", एवढं लिहा. पिनकोड मागितला की बोलणं पुढं सरकतं. अ‍ॅपमधला कॅटलॉगही भरून ठेवा, म्हणजे तेच सहा फोटो दिवसातून वीसदा पाठवायला नकोत.

ब्रॉडकास्टबद्दलही, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना टाकण्याबद्दल, एक गैरसमज सारखा भेटतो. "भाऊ, दोनशे जणांना ब्रॉडकास्ट टाकला, चारच जणांना गेला." बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी एका वेळी २५६ जणांपर्यंत घेते, पण ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पाकिटावर आपला नंबर छापा, शेजारी 'पुढच्या वेळी भाव हवा असेल तर हा नंबर सेव्ह करा' असंही छापा. फ्लेक्सवाल्याला काम मिळावं म्हणून सांगत नाहीये. एवढ्याशा स्टिकरमध्ये मला कितीसं सुटतं.

बूस्टमध्ये काय मागितलंत?

फोन नीट झाला, तरी ऑर्डर नाही. मग बूस्टकडं या.

बूस्टच्या पानावर सुरुवातीलाच विचारलेलं असतं की तुम्हाला काय हवंय. जास्त मेसेज हवेत, फोन हवेत, की लाईक-कमेंट हव्यात, का आमचं आम्ही ठरवू. घाईत बहुतेक जण जे आधीच टिक केलेलं आहे तेच ठेवतात. फेसबुकचं हे यंत्र शब्दाला पक्कं आहे. लाईक मागितल्या तर ज्या लोकांना दिसेल त्याला लाईक करायची सवय आहे अशांना ते शोधून काढतं आणि त्यांच्यापुढं तुमचा बेदाणा ठेवतं. ते लाईक करतात. तुमचं काम झालं असं यंत्राला वाटतं, आणि त्याच्या बाजूनं ते झालेलंही असतं. ऑर्डर हवी असेल तर निदान 'मेसेज' निवडा आणि मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतील असं जोडा.

मग ठिकाण. आमच्याकडची सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती माझ्याकडूनही झालीय. सुरुवातीला मी एका बेदाणेवाल्याची जाहिरात तासगाव आणि आसपास चाळीस किलोमीटरला लावून दिली. आपलं गिऱ्हाईक आपल्या गावात, असं डोक्यात. अहो, तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात प्रत्येकाच्या मामाचा नाहीतर मेव्हण्याचा बेदाणा आहे. इथं पैसे देऊन बेदाणा घेतो कोण? डब्यात भरून घरपोच येतो. लाईक मात्र धो धो आल्या, कारण सगळे ओळखीचे. ज्याच्या घरी बेदाणा फुकट येत नाही असा माणूस पुणे, ठाणे, मुंबई, नाशिकात आहे. तिथं लावल्यावर लाईक निम्म्याहून कमी झाल्या आणि पिनकोड यायला लागले.

केकवाल्या वहिनींचं याच्या बरोबर उलटं. त्यांची जाहिरात चुकून सगळ्या महाराष्ट्रात लागलेली. नांदेडहून चौकशी येते, कौतुक होतं, पण क्रीमचा केक नांदेडला जाणार कसा? त्यांनी दुकानाभोवती सात-आठ किलोमीटरचं वर्तुळ ठेवायचं. आपला माल किती लांब जाऊ शकतो आणि तो कुणाकडं आधीच नाही, एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारले की ठिकाण आपोआप ठरतं. वय १८ ते ६५ असं सगळं मोकळं सोडायचं की नाही यावर लोक तासभर वाद घालतात. माझ्या अनुभवात ठिकाणाइतका फरक त्यानं पडत नाही.

पैशांबद्दल दोन गोष्टी. एक, बूस्ट किती दिवस चालवायचं तिथं 'सतत चालू ठेवा' असा पर्याय असतो. तो राहून गेला तर रोजचे दोनशे रुपये तुम्ही बंद करेपर्यंत जात राहतात. शेवटची तारीख घालाच. दुसरं, जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे हजाराची जाहिरात १,१८० रुपयांना पडते. हिशेबात तो धरा. आणि शक्यतो कार्ड जोडून ठेवण्यापेक्षा यूपीआयनं आधी ठरावीक रक्कम भरून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना जास्तीची परवानगी लागायला लागली आणि बऱ्याच जणांच्या जाहिराती पेमेंट अडकून अधूनमधून बंद पडायच्या. आधी भरलेल्या पैशांत ती कटकट नाही. शिवाय काही घोटाळा झालाच तर तेवढेच जातात.

अजून एक खोड सोडा. सकाळी जाहिरात लावली, दुपारी दोन मेसेज, संध्याकाळी फोटो बदलला, दुसऱ्या दिवशी शहर बदललं. कुणाला दाखवावं हे शिकायला यंत्राला वेळ लागतो. मेटाचं स्वतःचंच म्हणणं असं की आठवड्यात पन्नासच्या आसपास परिणाम मिळाले की जाहिरात स्थिरावते. आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये पन्नास होणं अवघडच. पण दर मोठ्या बदलाला ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, एवढं लक्षात ठेवून निदान पाच-सहा दिवस हात लावू नका. पेरलेलं रोज उकरून बघू नये, एवढंच.

पोस्ट दिसतच नाही, त्याचं काय

"आधी माझ्या पोस्टला अडीचशे लाईक यायच्या, आता बारा येतात. पेज ब्लॉक झालंय का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा नाही, असंच असतं. धंद्यासाठी वेगळी पेजेस फेसबुकनं २००७ मध्ये आणली. सुरुवातीची काही वर्षं पोस्ट टाकली की फॉलो करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना दिसायची. पुढं गर्दी वाढत गेली, आणि जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्गनं उघडच जाहीर केलं की फीडमध्ये घरच्यांच्या, मित्रांच्या पोस्टना वरची जागा मिळेल आणि धंद्यांच्या, बातम्यांच्या पोस्ट कमी दिसतील. म्हणजे पाच हजार फॉलोअर असलेल्या पेजची पोस्ट त्यातल्या थोड्यांनाच दिसली तर तो बिघाड नव्हे, तो नियम. ते 'दुरुस्त' करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

खरा बिघाड असतो तो विकत घेतलेल्या लाईकचा. हजार रुपयांत पाच हजार लाईक, असे मेसेज सगळ्यांना येतात. ती खाती कुठल्या तरी परक्या देशातली, नाहीतर खोटीच. ती तुमची पोस्ट उघडत नाहीत, थांबून वाचत नाहीत. मग ही पोस्ट तुमच्याच लोकांना आवडत नाही असं समजून ती आणखी कमी जणांना दाखवली जाते. ज्यांनी हे केलंय त्यांना मी सरळ सांगतो, पेज नवीन असेल तर दुसरं काढा. साफ करत बसण्यात दिवाळी निघून जाईल.

दुसरं कारण, लाईक-शेअरची भीक. "आवडलं तर लाईक करा, तीन मित्रांना टॅग करा, शेअर करा आणि जिंका." डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकनं सांगितलं की अशा पोस्ट मुद्दाम खाली ढकलू. आज इतकी वर्षं झाली तरी निम्मी पेजेस तेच करतात.

आणि तिसरं कारण सांगताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण त्यावर माझं घर चालतं. पेजवर फ्लेक्स टाकणं. दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, कोपऱ्यात मालकाचा हात जोडलेला फोटो, खाली चार भाऊ. चौकातल्या फ्लेक्सचं काम वेगळं असतं, तिथं आपण आहोत हे गावाला दिसणं हेच काम. मोबाईलवर ते दिसतं दोन इंच रुंद, नावं वाचता येत नाहीत, आणि वाचता आली तरी ठाण्याच्या बाईंना त्या चार भावांशी देणंघेणं नाही. फोटोवर वीस टक्क्यांपेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत हा जाहिरातीचा जुना नियम सप्टेंबर २०२० मध्ये फेसबुकनं काढून टाकला, म्हणून बंदी नाही. पण मोबाईलवर दहा बाय आठचा फ्लेक्स कोण वाचत बसणार?

त्याऐवजी काय, तर गिऱ्हाईक विचारतं तेच. वर सांगितलेल्या दादांना मी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सगळे प्रश्न एका कागदावर उतरवायला लावले. पिवळा घ्यावा का हिरवा? काळा बेदाणा म्हणजे खराब का? धुवून खायचा का? गंधक मारलंय का? वर्षभर कसा ठेवायचा? प्रत्येक प्रश्नाला एक व्हिडिओ, शेडमध्येच उभं राहून, चाळीस-पन्नास सेकंदांचा. गंधकावर बोलायला ते आधी तयार नव्हते. "भाऊ, कशाला उगा आपलं उघडं करायचं?" मी म्हटलं, विचारतायत तर सांगा. मग त्यांनी सांगितलं की सोनेरी पिवळा रंग यायला बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, हा बघा धुरी दिलेला, हा बिनधुरीचा, रंग उतरलेला दिसतो पण मुलांसाठी बरेच जण हाच मागतात, दोन्ही धुवूनच खा. हातात दोन मुठी, एक उजळ, एक मळकट. त्या वर्षी त्यांचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच, आणि बिनधुरीचा माल, जो सौद्यात मागं पडतो, तो पेजवरून आधी संपला.

द्राक्षं बुडवून काढताना, जाळीच्या रॅकवर पसरताना, बारा-पंधरा दिवसांनी रॅक हलवून सुकलेला बेदाणा खाली पाडताना, हे सगळं आपल्याला रोजचं वाटतं म्हणून आपण त्याचं चित्रण करत नाही. शहरातल्या माणसानं ते कधी बघितलेलं नसतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही पेजवर सांगा. पण त्याचा शिक्का पाकिटावर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे आधी समजून घ्या.

व्हिडिओचा आवाज गेला, ही एक उपतक्रार. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या आणि सगळे सिनेमाची गाणी लावायला लागले. धंद्याच्या खात्याला गाण्यांचा साठा मर्यादित मिळतो, कारण गाण्याचे हक्क जाहिरातीसाठी दिलेले नसतात. बाहेरून गाणं चिकटवलं की रील मुकी होते. गाण्यासाठी खातं पुन्हा साधं करून घेतात काही जण, आणि मग आकडेवारी आणि जाहिरात दोन्हीला मुकतात. स्वतः बोला. तासगावच्या बोलीत बोला, काही बिघडत नाही. रॅकवरून बेदाणा पडतानाचा सरसर आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा बरा.

जाहिरात नामंजूर होते

ही तक्रार नाचणी, ज्वारी, जवस, आयुर्वेदिक तेल विकणाऱ्यांची. जाहिरातीत पहिलंच वाक्य असतं, "तुम्हाला मधुमेह आहे का?" मेटाच्या नियमात बघणाऱ्याच्या आजाराबद्दल, धर्माबद्दल, आर्थिक अडचणीबद्दल आपल्याला माहीत आहे असं सुचवायला मनाई आहे. त्यामुळे ही जाहिरात पडतेच. पोट कमी होण्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटोही चालत नाही. वाक्य फिरवा. "नाचणीचे लाडू, गूळ घालून केलेले, मैदा नाही", असं मालाबद्दल बोला, माणसाबद्दल नको. तरीही नामंजूर झाली आणि तुमचं काही चुकलेलं नाही अशी खात्री असेल, तर पुन्हा तपासणीची विनंती करायचं बटण तिथंच असतं. एकदा दाबा आणि थांबा. तीच जाहिरात दहा वेळा टाकत राहिलात तर जाहिरातीचं खातंच अडकतं. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर पाकिटाच्या फोटोत दिसू द्या. नियमाचा भाग वेगळा, पण परगावच्या माणसाला त्यानं धीर येतो.

पेज कुणाच्या नावावर?

हे शेवटी घेतलंय, पण यात नुकसान सगळ्यात मोठं होतं.

पेज काढून देणारा भाचा असतो, नाहीतर दुकानातला पोरगा. तो सोडून जातो, आणि पेज त्याच्याबरोबर जातं. मालकाला पोस्ट टाकता येते म्हणून त्याला वाटतं पेज आपलंच. सेटिंगमध्ये 'पेज अ‍ॅक्सेस' उघडून बघा, पूर्ण ताबा कुणाकडं आहे. तो मालकाकडं हवा, आणि घरातल्या आणखी एकाकडं हवा, कारण फोन हरवतात. काही जणांनी तर पेज काढलेलंच नसतं, 'अमुकतमुक ट्रेडर्स' नावाचं साधं प्रोफाईल असतं. त्याला ५,००० मित्रांची मर्यादा, जाहिरात लावता येत नाही, आणि दुकानाच्या नावानं माणसाचं प्रोफाईल चालवणं नियमात बसत नाही, म्हणून ते कधीही बंद होऊ शकतं.

माझ्या दुकानाचं पेज दोन वर्षांपूर्वी असंच गेलं, त्याला मीच कारणीभूत. रात्री मेसेज आला, निळा लोगो, "तुमच्या पेजनं कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत पेज बंद होईल, खालच्या लिंकवर खात्री करा." दिवसभर लोकांना शहाणपण शिकवणारा मी, झोपेत लिंक दाबली, पासवर्ड घातला, फोनवर आलेला आकडाही घातला. सकाळी पेजवर परक्या भाषेत चपलांची जाहिरात. परत मिळवायला तीन आठवडे गेले. खरी सूचना कधी मेसेंजरवर कुणा 'पेज सपोर्ट टीम'च्या नावानं येत नाही. खात्यात शिरल्यावर तिथल्याच मदत विभागात ती दिसते. तिथं काही नसेल तर मेसेज खोटा. दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्या अ‍ॅडमिननी चालू करा, आणि फोनवर येणारा तो आकडा कुणालाच सांगू नका. पेज गेलंच, तर फेसबुक डॉट कॉमच्या पुढं तिरकी रेघ देऊन हॅक्ड असं टाकलं की परत मिळवायचं पान उघडतं. ज्या फोनवरून तुम्ही नेहमी लॉगिन करत होता त्याच फोनवरून करा.

वहीतला हिशेब

हे सगळं झाल्यावर दहा दिवस एक वही ठेवा. शंभर पानी पुरते. जाहिरातीला गेलेले पैसे, आलेले मेसेज, पिनकोड दिलेले, पैसे भरलेले. जाहिरातीवरून आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर ती जाहिरात वर दिसते, त्यामुळे कुठल्या फोटोवरून आला ते कळतं. बाकीच्यांना "आमचं कुठून कळलं?" असं विचारा, लोक सांगतात.

समजा १,१८० रुपये गेले, वीस मेसेज आले, बारा जणांनी पिनकोड दिला, दोघांनीच पैसे भरले. म्हणजे जाहिरात बरी आहे, गळती कुरिअरच्या दरात नाहीतर उत्तराच्या उशिरात आहे. वीस मेसेज आले आणि पिनकोड कुणीच दिला नाही, तर भाव ऐकून पळालेत, किंवा ठिकाण चुकलंय. मेसेज दोनच आले, तर फोटो आणि व्हिडिओ बदला. आणि पाच जणांनी पैसे भरले, पण प्रत्येक ऑर्डरमागं जाहिरातीचे २३६ रुपये जातात आणि किलोमागं तुम्हाला सुटतात ऐंशीच, तर एक किलो विकूच नका. तीन-चार किलोचं पाकीट करा, नाहीतर जाहिरात बंद करून जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज टाका. या आकड्यांवर वाद घालत बसू नका, तुमच्या वहीतले घ्या.

काही वेळा सगळं तपासून निघतं ते एवढंच की याला पेज नकोच होतं. गल्लीतल्या फॉल-पिको करणाऱ्या एका ताईंचं सगळं गिऱ्हाईक दीड किलोमीटरातलं. त्यांना गूगल मॅपवर दुकान टाकून दिलं, वेळा घातल्या, दुकानाच्या दाराचा फोटो टाकला. बूस्टचे पैसे वाचले, आणि "कुठल्या बोळात?" असे फोन बंद झाले.

यातलं करूनही अडलं तर दुकानात या, पण हात हलवत येऊ नका. ज्या फोनवर पेज आहे तो फोन, मागच्या बूस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट, ती वही, आणि पेजचा पूर्ण ताबा ज्याच्याकडं आहे तो भाचा, असं सगळं घेऊन या. दुपारी तीननंतर या, सकाळी मशीनवर माणूस नसतो. पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहून आणू नका. परवा एक काका ती चिठ्ठी काउंटरवर विसरून गेले आणि माझ्या पोरानं तिच्या पाठीवर चहाचा हिशेब लिहिला.